दोन खोल्या, एक पडदा आणि स्टेला

नाटक १९४७चं, गाव अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत बसून बघितलं की त्यातली चारही माणसं ओळखीची वाटायला लागतात. जरा जास्तच ओळखीची!

शनिवारची रात्र. डोंबिवली ईस्ट, चौथा मजला, लिफ्ट नेहमीसारखी बंद. तीन जोडपी, दोन मोठे पिझ्झा, टीव्हीला जोडलेला लॅपटॉप आणि १९५१चा एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'. निवड मार्लन ब्रँडोसाठी झाली होती. मुलींनी तसं सरळ सांगितलं. मुलांनी 'अॅक्टिंग शिकावी तर याच्याकडून' वगैरे पुस्ती जोडली.

सिनेमा संपला. शेवटी नायकाची बायको, स्टेला, तान्ह्या बाळाला छातीशी धरून नवऱ्याला सोडून वरच्या मजल्यावर जाते. सगळ्यांना बरं वाटलं. कोणीतरी 'शाब्बास!' असंही म्हणालं. आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, "मूळ नाटकात ती जात नाही. नवऱ्याजवळच राहते. सिनेमाला सेन्सॉरच्या धाकाने शेवट बदलावा लागला. नवऱ्याला शिक्षा झालेली दिसायला हवी होती ना!"

पुढचा दीड तास भांडण! "बहिणीवर असा प्रसंग आला आणि ही नवऱ्याजवळ राहते? कसली बाई आहे?" असं म्हणणारे चौघे. "मग तिने करायचं काय होतं ते सांगा ना," असं म्हणणारी एक. ती घोडबंदर रोडला राहते, बँकेत आहे, आमच्या ग्रुपमधली सगळ्यात शांत मुलगी. तिचा नवरा चहा टाकायला म्हणून किचनमध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

तेव्हापासून हे नाटक डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा लेखप्रपंच.

ट्राम गेली, चक्र राहिलं

आधी थोडी माहिती, म्हणजे पार्टीत सांगायला बरी. टेनेसी विल्यम्सचं हे नाटक ३ डिसेंबर १९४७ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर आलं. दिग्दर्शक एलिया कझान. ब्लांशच्या भूमिकेत जेसिका टँडी, स्टॅन्ली म्हणजे ब्रँडो, स्टेला म्हणजे किम हंटर आणि मिच म्हणजे कार्ल माल्डन. १९४८चं पुलित्झर याच नाटकाला मिळालं. सिनेमात टँडीच्या जागी व्हिव्हियन ली आली, बाकी तिघं तीच. गंमत म्हणजे अभिनयाचं ऑस्कर ली, हंटर आणि माल्डन या तिघांना मिळालं, ब्रँडोला नाही!

नावातली ती स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, खरोखरची होती. न्यू ऑर्लिन्समध्ये 'डिझायर' नावाच्या रस्त्याला जाणारा ट्रामचा मार्ग १९४८पर्यंत चालू होता. नाटकात ब्लांश आधी 'डिझायर'च्या ट्राममध्ये बसते, मग 'सिमेटरीज'ची ट्राम पकडते आणि 'एलिशियन फील्ड्स'ला उतरते. वासना, मग स्मशान, मग स्वर्ग. विल्यम्सने काहीच बनवलं नाही, नुसता पत्ता सांगितला!

मराठीत हे नाटक विजय तेंडुलकरांनी आणलं, १९६६ साली. नाव 'वासनाचक्र'. त्याआधी दोन वर्षं, ३१ मार्च १९६४ला, मुंबईची शेवटची ट्राम धावली होती. मराठी नावात ट्राम नाहीच, फक्त तिचं चाक उरलंय. मला हे नाव मूळ नावापेक्षा कडक वाटतं. ट्राममधून माणूस उतरू शकतो, चक्रातून कसं उतरणार?

सातबारा दाखवा!

गोष्ट साधी आहे. नवरा-बायको दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. बायकोची मोठी बहीण ट्रंक घेऊन येते. 'चार दिवस' म्हणून. चार दिवसांचे पाचेक महिने होतात.

आता आपण कल्याण-डोंबिवलीचे लोक. आपल्याला यापुढचं सांगावं लागत नाही! पाहुणा आला की कोण कुठे झोपणार हा घरातला सगळ्यात मोठा राजकीय प्रश्न. नाटकात पाहुणीची कॉट किचनमध्ये टाकलेली आहे. नवरा-बायकोची खोली पलीकडे. मधे दार नाही, नुसता पडदा. बाथरूम नवरा-बायकोच्या खोलीतून. आणि ही पाहुणी ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास गरम पाण्यात बसून राहते, नर्व्हज शांत करायला! बाहेर नवरा ताटकळत उभा. सकाळची फास्ट गाठायच्या घाईत बाथरूमचं दार वाजवलेल्या कोणालाही स्टॅन्लीची थोडी कीव येईल. विल्यम्सलाही ती यायला हवीच होती.

कारण स्टॅन्ली कोवाल्स्की हा पडद्यावरचा व्हिलन नाही. पोलिश घरातला, सैन्यातून परत आलेला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सेल्सचं काम करणारा, मित्रांबरोबर बोलिंग आणि पोकर खेळणारा माणूस. घर त्याच्या कमाईवर चालतं. मेहुणी येते ती फर आणि खोटे दागिने घेऊन. त्याची दारू चोरून पिते, वर तो अडाणी असल्याचं दर वाक्यात जाणवून देते. एका प्रसंगात ती बहिणीला सांगत असते की तुझा नवरा म्हणजे जनावर आहे, अजून माणूस झालेलाच नाही. बाहेरून ट्रेन धडधडत जाते, त्या आवाजात स्टॅन्ली घरात शिरतो आणि सगळं ऐकतो. ट्रॅकला लागून घर असलेल्यांना हे तंत्र समजावून सांगायला नको. आपल्याकडेही गाडी जाईपर्यंत वाक्य थांबवायची सवय असते. ब्लांशला ती नव्हती.

दोघी बहिणींचं माहेर म्हणजे 'बेल रीव्ह' नावाची मोठी जमीनदारी. ती हातातून गेली, असं ब्लांश सांगते. गेली म्हणजे कशी? स्टॅन्लीचा पहिला प्रश्न: कागद कुठे आहेत? लुइझियानात नेपोलियनच्या काळापासूनचा कायदा आहे, बायकोचं ते नवऱ्याचं, मग बायकोचा हिस्सा बुडाला म्हणजे माझाच बुडाला! हा प्रसंग वाचताना मला कोकणातल्या घराच्या वाटणीवरून होणाऱ्या बैठका आठवल्या. सातबारा दाखवा, फेरफार कोणी केला, आंब्याचे पैसे कुठे गेले! स्टॅन्ली ट्रंक उपसतो तेव्हा कागद मिळतात. गठ्ठेच्या गठ्ठे. गेल्या कित्येक पिढ्यांतल्या पुरुषांच्या चैनीपायी तुकड्या-तुकड्याने गेलेल्या इस्टेटीचे.

आणि इथेच ब्लांशचं खरं दुखणं कळतं. धाकटी स्टेला कधीच घर सोडून शहरात आली. आपलं बघायला मोकळी झाली. मोठी मागे राहिली. म्हाताऱ्यांची आजारपणं, अंत्ययात्रा, त्यांचा खर्च, कर्ज, सगळं शाळामास्तरणीच्या पगारात. ती बहिणीला विचारते त्याचा अर्थ एवढाच: तेव्हा तू कुठे होतीस? एक भावंड गावी आणि एक मुंबईकडे अशा प्रत्येक घरात हा प्रश्न असतो. फक्त दिवाळीला कोणी विचारत नाही.

कागदी कंदील

ब्लांशवर हवं तेवढं लिहिता येईल आणि लोकांनी ते लिहिलंय. अभिनेत्रींसाठी ही भूमिका म्हणजे एव्हरेस्ट. ती वय लपवते. धाकट्या बहिणीला मोठी म्हणून सांगते. उघड्या बल्बचा उजेड तिला सोसत नाही, म्हणून त्यावर रंगीत कागदाचा कंदील लावून घेते. तोही मिचच्या हातून.

या मिचला आपण सगळे ओळखतो. स्टॅन्लीच्याच कंपनीत, स्वभावाने गरीब, घरी आजारी आई, आईला सुनेचं तोंड दाखवायची घाई. ब्लांशला त्याच्यात आसरा दिसतो. मग स्टॅन्ली तिच्या गावाहून तिची माहिती काढतो आणि मिचला सांगतो. मिच तिच्या वाढदिवसाला येतच नाही. नंतर दारू पिऊन येतो, तो कंदील फाडतो, बल्बच्या उजेडात तिचा चेहरा बघतो आणि सांगतो की आई असलेल्या घरात न्यायला तू स्वच्छ नाहीस. स्वतः मात्र त्याच रात्री तिच्याकडून जे हवं ते मागायला त्याला लाज वाटत नाही! असे मिच ठाणे-कल्याण पट्ट्यात मॅट्रिमोनी साइटवर भरपूर भेटतील. पुढे जाऊ या.

माहिती काय होती? लहान वयात ब्लांशचं लग्न झालं होतं. नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी नातं आहे हे तिला कळलं, नाचता नाचता ती त्याला टाकून बोलली आणि त्याने तिथेच बाहेर जाऊन स्वतःला गोळी घातली. तो नाचाचा सूर तिच्या कानात नाटकभर वाजत राहतो. त्यानंतर ती एका बदनाम हॉटेलात राहिली, अनोळखी पुरुषांत आधार शोधत राहिली. शेवटी नोकरी गेली, ती सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी संबंध ठेवले म्हणून.

इथे एक थांबा घ्यायला हवा. जुनी परीक्षणं ही गोष्ट 'एकाकी स्त्रीची चूक' म्हणून उडवून लावतात. आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा आल्यावर तसं म्हणता येत नाही. शिक्षिका आणि अठराच्या आतला मुलगा, हा गुन्हाच. ब्लांश गरीब बिचारी नाही. ती खोटं बोलते, माणसं वापरते, खालच्या थरातल्या माणसांना तुच्छ लेखते. विल्यम्सने तिला मुद्दाम असं केलंय. कारण पुढे तिच्यावर जे होतं, ते 'चांगल्या' बाईवर झालं असतं तर निर्णय सोपा होता!

होतं काय, तर स्टेला बाळंतपणाला हॉस्पिटलमध्ये आहे. घरात ब्लांश आणि स्टॅन्ली दोघंच. त्या रात्री स्टॅन्ली तिच्यावर बलात्कार करतो. नाटकभर खोटं बोललेली बाई मग एकदा खरं बोलते. आणि तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे एका माणसाने ठरवायचं असतं. त्या माणसाला कालच बाळ झालंय.

आता स्टेला

पहिल्यांदा वाचताना स्टेला माझ्या लक्षातही राहिली नव्हती. ब्लांशला स्वगतं, स्टॅन्लीला आरडाओरडा, आणि हिला काय? ही आपली कोकचा ग्लास आणून देते, भांडी आवरते, दोघांमध्ये तह करते. शनिवारच्या भांडणानंतर पुन्हा वाचलं तर कळलं, नाटकातला एकमेव निर्णय घेणारी बाई हीच.

तिच्याकडे आधी प्रेमाने बघू या. ती अडकलेली, रडकी बायको नाही. नवरा तिला आवडतो, अगदी शरीराने आवडतो, आणि ती ते बहिणीला न लाजता सांगते. लग्नाच्या रात्री त्याने तिच्या चपलेने घरातले सगळे बल्ब फोडले होते. तिला थ्रिल वाटलं होतं! पोकरच्या रात्री तो रेडिओ खिडकीबाहेर फेकतो आणि गरोदर बायकोवर हात उचलतो. ती वर युनिसकडे पळते. तो खाली उभा राहून तिच्या नावाने टाहो फोडतो. ब्रँडोची ती आरोळी अजून नकलाकारांना पुरते. आणि ती जिना उतरून खाली येते. थिएटरमध्ये इथे अंगावर काटा येतो. रोमँटिक काटा! मग सकाळी लक्षात येतं की आपण कशाला टाळ्या वाजवल्या.

त्या सकाळचाच एक बारीक तपशील आहे. स्टॅन्लीने बायकोला दहा डॉलर दिलेत, रात्रीची भरपाई म्हणून. त्यातले पाच ती ब्लांशला द्यायला बघते. एरवी तिच्या हातात पैसेच नसतात, बिलं तो स्वतः भरतो.

इथे आमच्या ग्रुपमधले चौघे म्हणाले, बरोबर, म्हणूनच ती राहिली. आज मुली कमावतात. आज कोण राहील?

तेव्हा ती घोडबंदरवाली बोलली. "मी कमावते. फ्लॅटचं लोन दोघांच्या नावावर आहे. हप्ता दोघांच्या पगारातून जातो, एकाच्या पगारात बसत नाही. मुलगी सासूबाईंकडे असते म्हणून मी सात वाजेपर्यंत ऑफिसात बसू शकते. आता माझी बहीण येऊन माझ्या नवऱ्याबद्दल असं काही म्हणाली, आणि तो नाही म्हणाला, आणि पुरावा काहीच नाही. तर मी काय करीन? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे म्हणता, त्याचं मला आश्चर्य वाटतंय."

कोणी काही बोललं नाही. किचनमधून भांड्याचा आवाज आला फक्त.

विल्यम्सला हे नेमकं कळलं होतं. त्याच्या स्टेलाला खरं काय ते माहीत नाही, असं मला वाटत नाही. शेवटच्या प्रसंगात ती युनिसला सांगते त्याचा आशय असा, की ताईचं खरं मानलं तर मला स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही. वाक्य नीट बघा. ताई खोटं बोलते, असं ती म्हणत नाहीच. खरं मानलं तर घर मोडेल, म्हणून खरं मानायचं नाही. आधी निकाल, मग पुरावा.

आणि युनिस! वरच्या मजल्यावरची, तीच घरमालकीण. तिचाही नवरा भांडतो, तीही ओरडत खाली येते आणि संध्याकाळी त्याच्याच गळ्यात हात टाकून परत जाते. ती स्टेलाला समजावते, अगं, यावर कधीच विश्वास ठेवू नकोस, काही झालं तरी दिवस ढकलायला लागतात. आपल्या प्रत्येक सोसायटीत ही काकू आहे. मनाने वाईट नाही. अडचणीला धावून येते, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून देते. आणि 'संसार म्हटला की चालायचंच' हे वाक्य तिच्याकडे नेहमी तयार असतं.

आज स्टेला आपल्याकडे असती तर तिच्याजवळ काही गोष्टी जास्त असत्या, हे खरं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, जो ऑक्टोबर २००६पासून लागू आहे, तो बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, घर कोणाच्याही नावावर असो. म्हणजे मारणाऱ्या नवऱ्यासाठी घर तिनेच सोडायचं, ही सक्ती उरली नाही. पण कायदा राहायचा हक्क देतो. बहिणीवर विश्वास ठेवायचं बळ कुठल्या कलमात सापडणार?

तेंडुलकरांच्या घरातल्या बायका

'वासनाचक्र'नंतर वर्षभरात, १९६७ला, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं. त्यातली बेणारेबाईही शिक्षिका. तिच्याही खाजगी आयुष्याची चौकशी इतरांनीच केली, नोकरीवर गदा तिच्याच. आणि १९७२ला 'सखाराम बाइंडर' आलं. सखारामचं घर आठवा. घर माझं, नियम माझे, राहायचं तर तसं राहा! स्टॅन्लीच बोलतोय असं वाटावं. एकावरून दुसरं सुचलं, असा दावा मी करत नाहीये, तेंडुलकरांना असली माणसं बघायला न्यू ऑर्लिन्सला जायची गरज नव्हती. पण शेवट बघा. सखाराम चंपाला मारतो. तो हातपाय गाळून बसतो आणि लक्ष्मी, ती देवभोळी, मुंग्यांशी बोलणारी लक्ष्मी, मुडदा पुरायच्या तयारीला लागते. तिला डोक्यावरचं छप्पर पुन्हा मिळालेलं असतं.

लक्ष्मीला बघून प्रेक्षक हादरतो. स्टेलाला बघून हादरत नाही, कारण ती रडते. तिच्या कडेवर बाळ आहे. ती छान आहे. माझ्या मते लक्ष्मी आणि स्टेला एकाच कामाला लागलेल्या असतात, फक्त स्टेलाच्या हातात कुदळ दिसत नाही.

स्टेलाला दोषी ठरवलं की आपलं काम सोपं होतं, हे मात्र मला त्या रात्रीनंतर मान्य करावं लागलं. आम्ही दीड तास तिच्यावर भांडलो. स्टॅन्लीवर पाच मिनिटंही नाही. त्याने जे केलं ते जणू हवामान होतं, पाऊस पडला तसं. छत्री का नेली नाहीस, हे मात्र बाईला विचारायचं.

नाटकाचा शेवट असा आहे. हॉलमध्ये, म्हणजे किचनमध्ये, पुन्हा पोकर चालू आहे. वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर आणि नर्स येतात. ब्लांश आधी घाबरून आत पळते. स्टॅन्ली बल्बवरचा कागदी कंदील ओढून काढतो आणि हा पण घेऊन जा म्हणून तिच्यापुढे धरतो. मिच टेबलावर डोकं ठेवून रडतो. मग डॉक्टर टोपी काढून अदबीने हात पुढे करतो आणि ती त्याच्या हातात हात घालून, मागे न बघता, अगदी पाहुण्यांसोबत फिरायला निघाल्यासारखी बाहेर पडते. स्टेला पायऱ्यांवर उभी राहून हाका मारते. युनिस तिच्या हातात बाळ देते. स्टॅन्ली तिच्या पायाशी बसतो, समजूत काढतो, त्याचा हात तिच्या ब्लाऊजच्या बटणांकडे जातो. आत कोणीतरी पुढचा डाव वाटायला घेतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात साडेअकराला चहा आला. साखर दोनदा पडली होती. ठाण्याला जाणाऱ्यांना शेवटची गाडी गाठायची होती म्हणून सगळे उठले. जिन्यात मी तिला विचारलं, "पुस्तक हवंय का, मूळ नाटकाचं?" ती म्हणाली, "नको." तिसऱ्या मजल्यावर आल्यावर म्हणाली, "तेंडुलकरांचं मिळालं तर दे. मराठीत वाचीन." तिचा नवरा पुढे गेला होता. रिक्षा थांबवून हॉर्न वाजवायला सांगत होता.